पॅनल ठरतं तेव्हा आपण कुठे असतो?

(वरवट बकाल येथे तरुण मुला-मुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर बसलेल्या मुलींना, मुलांना आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या खालांना सलाम. खाला, आत या. खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला विषय दिलाय 'राजकारणात मुस्लिम महिलांचा सहभाग'. या विषयावर बोलायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. रझिया सुलतानपासून सुरुवात करायची, मग चांदबीबी, मग भोपाळच्या बेगमा, आणि टाळ्या. चांदबीबीचं नाव घ्यायला मलाही आवडतं, कारण तिच्या गोष्टीत आपलं वऱ्हाड येतं. १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तिने किल्ला लढवला, आणि शेवटी तह झाला तेव्हा किल्ला राहिला पण वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं. आपण आत्ता बसलोय त्या मुलखाचा सौदा त्या तहात झालेला आहे. पण रझियाला किंवा चांदबीबीला वॉर्ड क्रमांक तीनमधून फॉर्म भरायचा नव्हता. त्यांना कुणी जात पडताळणीचा कागद मागितला नव्हता. म्हणून आज त्यांना सलाम करून मी वॉर्डाकडे वळते.

मी याच भागातल्या एका गावात पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, महिला राखीव जागेवर. गावाचं नाव घेत नाही, कारण ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते अजून रस्त्यात भेटले की विचारपूस करतात, आणि ती मला हवी आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे पॅनल असतं. आता हे पॅनल कसं तयार होतं ते पाहा. वॉर्डांचं आरक्षण निघतं. त्या रात्रीपासून बैठका सुरू होतात. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या वावरातल्या खोलीवर, बसस्टँडजवळच्या हॉटेलात. वेळ साधारण रात्री नऊनंतरची. आपल्या मोहल्ल्यातून दोन-तीन बुजुर्ग जातात. ते तिथे काय घेऊन जातात? आपली मतं. "आमच्याकडं इतकी मतं हायेत" असं सांगतात. त्या आकड्यात मी असते, माझी अम्मी असते, अठरा पूर्ण झालेली माझी भाची असते. आम्हाला कुणी विचारलेलं नसतं, पण आमचं मत तिथे मोजून दिलेलं असतं. मग जागा महिलेसाठी राखीव आहे असं कळतं आणि कुणीतरी म्हणतं, "अमक्याच्या घरातून टाका एक नाव." नाव नंतर ठरतं, घर आधी ठरतं.

माझंही तसंच झालं. फॉर्मवर सही करायची वेळ आली तेव्हा मला कळलं की मी उमेदवार आहे. निवडून आले, आणि पहिल्या महिन्यात मासिक सभेचं प्रोसिडिंग बुक सहीसाठी घरी आलं. घेऊन येणारा माणूस अदबीने म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला उन्हातान्हात येता." मी म्हटलं, भाऊ, याच उन्हात मी कपाशी वेचायला जाते, ग्रामपंचायत त्याहून जवळ आहे. पुढच्या महिन्यात मी जाऊन बसले. सगळे उठून उभे राहिले, चहा मागवला, आणि माझ्यासमोर अर्धा तास कुणी कामाचं काही बोललंच नाही. मी गेल्यावर सभा झाली म्हणे. तिसऱ्या महिन्यात मी चहा संपला तरी उठले नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. निदान ती खुर्ची होती, आणि ती कायद्यामुळे होती. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. सदस्य, सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद, सगळीकडे अर्ध्या जागा. आरक्षण नसतं तर त्या रात्रीच्या बैठकीत माझं घरसुद्धा निघालं नसतं.

पण आता वर नजर टाका. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार. २०१९ मध्ये आणि २०२४ मध्येही महिला आमदारांची संख्या पंचविशीच्या आतच राहिली. जिल्हा परिषदेत निम्म्या असणाऱ्या बायका मुंबईला पोचेपर्यंत दहात एकसुद्धा उरत नाहीत. आणि आपल्या? २०२४ ला दहा मुस्लिम आमदार निवडून आले, त्यात स्त्री एक, अणुशक्तीनगरच्या सना मलिक. त्यांचे वडील नवाब मलिक मंत्री होते. परभणीच्या फौजिया खान विधान परिषदेत होत्या, २००९ नंतर राज्यमंत्री झाल्या, पुढे राज्यसभेत गेल्या. ही नावं मोलाची आहेत. पण राज्याचं वय साठीच्या पुढे गेलंय आणि नावं सांगायला बोटंसुद्धा सगळी लागत नाहीत. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या तलाकबंदीच्या मागणीवर आपल्या घरांत आजही वाद होतात, आणि होऊ देत. पण त्या बायका दारापर्यंत गेल्या होत्या. आत जाणारी एक-एक दिसायला किती काळ लागला ते मोजा.

हे असं का होतं? लोक म्हणतात बायका शिकलेल्या नाहीत, बाहेर पडत नाहीत, घरचे सोडत नाहीत. थोडं खरं आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. जिल्हा परिषदेपर्यंत आरक्षण आहे. त्याच्या पुढची पायरी पक्षाच्या हातात आहे, आणि पक्षात आपण नाही. लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने मंजूर केला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेला बांधलेली आहे. आणि तो लागू झाला तरी तिकीट पक्षच वाटणार. पुन्हा तेच विचारलं जाईल, कुणाच्या घरातून टाकायचं?

पुरुष कसे वर गेले पाहा. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मुख्यमंत्री झाले. आर. आर. पाटील आधी सांगली जिल्हा परिषदेत होते. गाव, जिल्हा परिषद, विधानसभा अशी ती शिडी आहे, आणि प्रत्येक पायरीवर पक्षातलं कुणीतरी हात धरून वर घेतं. आपल्या जिल्ह्यात बायकांनी ही शिडी चढलेली आहे. चिखलीत रेखाताई खेडेकर तीन वेळा आमदार झाल्या. श्वेताताई महाले जिल्हा परिषदेतून पुढे आल्या आणि २०१९ व २०२४ ला विधानसभेत गेल्या. पक्ष कोणता ते आज सोडा, रस्ता पाहा. आणि आपल्याच जळगाव जामोद मतदारसंघात २०१९ ला आणि २०२४ ला काँग्रेसच्या उमेदवार डॉ. स्वातीताई वाकेकर होत्या. दोन्ही वेळा हरल्या. पण एकाच बाईला पक्षाने लागोपाठ दोनदा उभं केलं, ही आपल्या भागात लहान गोष्ट नाही. हरल्यावर पुन्हा उभं राहायला मिळणं हे बायकांच्या वाट्याला फार कमी येतं. बायकांचं तिकीट एका पराभवात संपतं, पुरुषाचं चार पराभवांनंतरही 'अनुभवी' म्हणून पुढे येतं.

पक्षात आपल्याला कुठे बसवतात? दोन जागा तयार असतात. एक महिला आघाडी, दुसरी अल्पसंख्याक आघाडी. मी एका पक्षाच्या तालुक्याच्या माणसाला भेटले होते. म्हटलं, मला काम करायचंय. तो म्हणाला, "ताई, महिला आघाडीत बघा." महिला आघाडीत गेले तर तिथे हळदी-कुंकवाचं नियोजन चाललं होतं. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. म्हणाल्या, "तुमचं अल्पसंख्याक सेलला जमेल." तिथे गेले तर बारा पुरुष आणि इफ्तार पार्टीची यादी. बाईच्या जागी मी मुसलमान ठरले आणि मुसलमानाच्या जागी बाई. जिथे रस्ता कुणाच्या शिवारातून जाणार, तिकीट कुणाला, पैसा कुठल्या बूथला हे ठरतं, त्या मूळ तालुका कमिटीत दोन्ही दारांनी जाता येत नाही.

म्हणून माझं सांगणं असं आहे की आघाडी मागू नका, बूथ मागा. प्रत्येक मतदान केंद्राला पक्षाचा एक प्रतिनिधी लागतो. त्याचं काम कंटाळवाणं असतं. मतदारयादी घेऊन दारोदार जायचं, कोण वारलं, कोण पुण्याला गेलं, कुणाचं लग्न झालं, कुणाचं नाव चुकलं ते लिहायचं. पुरुषांना ते नको असतं. आपल्या मोहल्ल्यात तर परक्या माणसाला घरात जाऊन बायकांची नावं विचारताच येत नाहीत. तुम्हाला येतात. एका मुलीने एका बूथची यादी तोंडपाठ केली, की त्या रात्रीच्या बैठकीत "आमच्याकडं इतकी मतं" म्हणणाऱ्या चाचांना तिला विचारल्याशिवाय आकडा सांगता येणार नाही. कोणत्या पक्षाचा बूथ? तो तुमचा प्रश्न आहे. एकाच घरात दोन बहिणी दोन पक्षांत असल्या तरी मला चालेल. सगळा मोहल्ला एकाच्या मागे एवढं सोडून काहीही.

यादी का एवढी महत्त्वाची, त्याचं एक उदाहरण देते. दारूच्या परवानाधारक दुकानाविरुद्ध 'आडवी बाटली' करायची तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या एकूण नावांच्या. यादीत एखादी वारलेली बाई तशीच राहिली असेल, एखादी दहा वर्षांपूर्वी सासरी गेली असेल, तर त्यांची न पडलेली मतं दुकानदाराच्या कामी येतात. यादी साफ करणं हे बाईचं राजकारण आहे, ते असं.

आता कागदांविषयी. हा भाग रुक्ष आहे पण इथेच आपल्या मुली पडतात, म्हणून जरा सावकाश बोलते. लग्न झालं, मुलगी नांदायला गेली, नाव मात्र माहेरच्या यादीतच राहिलं. ज्या गावच्या यादीत तुमचं नाव, तिथूनच उभं राहता येतं. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी वापरतात. जागा निघाली की मग धावपळ, आणि तोवर तारीख गेलेली असते. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलायला आणि दुरुस्तीला फॉर्म ८. लग्नाच्या खरेदीत ही एक वस्तू धरा.

दुसरं, जातीचा दाखला. आपल्यातल्या मोमीन, मन्यार, पिंजारी, तांबोळी, बागवान अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत. राखीव जागा ओबीसी महिलेची निघाली, तर सुनेचं नाव पुढे येतं. पण बाईची जात नवऱ्याच्या कागदावरून ठरत नाही, बापाच्या ठरते. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे अब्बांचा किंवा दादांचा शाळेचा दाखला, जन्माची नोंद, जमिनीचा कागद. तो माहेरी, कधी दुसऱ्या जिल्ह्यात, भावाच्या पेटीत. भाऊ देतोच असं नाही. निवडून आल्यावर मुदतीत पडताळणी झाली नाही म्हणून पद जातं. तेव्हा ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्या मुलींनी आपल्या अब्बांच्या हयातीत तो दाखला आणि पडताळणी दोन्ही काढून ठेवावी. कॉलेजच्या फीमाफीलाही तोच लागतो, त्यामुळे घरात पटवून द्यायला सोपं जाईल.

तिसरं, शाळा. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्यांना ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर सातवी पास असणं आवश्यक आहे. मुलीला सहावीतून काढलं की तिची शाळाच नाही, पुढची सगळी पंचायतही बंद होते. आणि चौथं, जे मुलांसमोर बोलताना सगळे टाळतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर या निवडणुका लढवता येत नाहीत. हा नियम मला पटत नाही. मूल किती हे किती बायकांना विचारून ठरतं? ठरवतो दुसराच, अपात्र ती होते. पण कायदा आहे तोवर तो माहीत असायला हवा, दोघांनाही.

कागद नीट असले तरी भागतंच असं नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, पारोळा तालुक्यात विचखेडा नावाचं गाव आहे. तिथे महिला राखीव जागेवर एक बाई सरपंच झाल्या. त्या सरकारी जागेवरच्या अतिक्रमणात राहतात अशी तक्रार झाली. त्या म्हणाल्या, मी तिथे राहत नाही, भाड्याच्या घरात राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं, उच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं आणि स्पष्ट म्हटलं की बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलं नव्हतं. एका गावच्या सरपंचपदासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. पण त्या गेल्या. खालच्या तीन ठिकाणी हरल्यावर गेल्या.

आणि एवढं सगळं कशासाठी? पाण्यासाठी, बाप्पा. आपण खारपाणपट्ट्यात राहतो. पूर्णेच्या या पट्ट्यात विहिरीचं, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेली माणसं प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्यात पाहिली आहेत. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांसाठी वान प्रकल्पाच्या पाण्यावर १४० गाव योजना आली. पाणी टाकीपर्यंत आलं, पण टाकीपासून कोणत्या गल्लीला आधी, कोणत्या मोहल्ल्याला शेवटी, व्हॉल्व्ह कोण फिरवणार, पट्टी किती, गळती कुठली आधी दुरुस्त करायची, हे गावात ठरतं. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असायला हव्यात असा नियम आहे. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे ते इथल्या किती जणींना ठाऊक आहे? मी सदस्य असताना ती यादी मागितली. तीन महिन्यांनी मिळाली. त्यात एक नाव माझ्या सख्ख्या जावेचं होतं, आणि तिला ते माहीत नव्हतं. आम्ही दोघी मग खरोखरच समितीच्या बैठकीला जायला लागलो. आमच्या टोकाच्या गल्लीत पाणी आठ दिवसांनी यायचं, ते चार दिवसांनी यायला लागलं. रोज नाही, चार दिवसांनी. माझ्या पाच वर्षांची कमाई विचाराल तर ती एवढी आहे, आणि मला ती थोडी वाटत नाही.

प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, हेही कायद्यात आहे. ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की अंगणवाडी सेविकेकडून सह्या. तुम्ही पंधरा जणींनी जाऊन फक्त "सभा सुरू करा" एवढं म्हणा.

आणखी एक नुकसान सांगायलाच हवं, त्यावर कुणी बोलत नाही. आपल्या जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ ला झाली, मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुरुष नेत्यांचं फार अडलं नाही, त्यांच्याकडे बाजार समिती आहे, पतसंस्था आहे, पक्षाचं पद आहे. बाईकडे जिल्हा परिषदेखेरीज दुसरी शाळाच नव्हती. त्या काळात ज्या मुली पंचविशी-तिशीच्या झाल्या, त्यांना शिडीची मधली पायरी दिसलीच नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न मला माहीत आहे. "औरतों का क्या काम?" मी वाद घालत नाही, हुदैबियाची आठवण करून देते. तह झाला, सहाबा नाराज होते, कुर्बानी करा आणि डोकी मुंडवा असं सांगूनही कुणी उठेना. प्रेषित (स.) तंबूत आले, तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सल्ला दिला की आपण बाहेर जा, कुणाशी न बोलता स्वतःची कुर्बानी करा आणि केस उतरवा. तसं केल्यावर सगळे उठले. ऐन पेचाच्या वेळी दिलेला तो सल्ला होता, आणि तो मानला गेला. आमच्या घरी हे ऐकून अब्बू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात की मीटिंग में नहीं जाना." मी म्हटलं ठीक आहे, मीटिंग दिवसा घ्यायला लावते. ते जमायला दीड वर्ष लागलं.

मुलांना एक सांगते. तुम्ही इथे बहिणींना सोडायला आलात आणि बाहेर मोटारसायकलवर बसला होतात, मीच आत बोलावलं. उद्या तुमच्यापैकी कुणाची बायको सरपंच होईल. तेव्हा गाडीवर 'सरपंच पती' लिहू नका. सभेला तिला सोडायला जा, पण आत बसू नका. आणि तोवर पॅनलची बैठक संध्याकाळी सहाला आणि शाळेच्या खोलीत घ्या, वावरातल्या खोलीवर नाही. एवढं तुमच्या हातात आज आहे.

मी सोबत तुमच्या गावच्या मतदारयादीचे भाग आणले आहेत. त्या टेबलावर ठेवले आहेत, फॉर्म ६ आणि ८ शेजारी आहेत. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. आपापलं नाव शोधा, मग अम्मीचं, मग त्या वहिनीचं जिचं नाव अजून माहेरी आहे. चष्मा विसरलेल्या खालांना मुलांनी वाचून दाखवा.